आधी पीक, मग लेबल

सेंद्रिय मालाच्या दुकानात पहिल्यांदा शिरलेला ग्राहक बहुधा भाजीच्या टोपलीपाशी थांबतो, पालकाच्या जुडीची किंमत वाचतो आणि हे आपल्याला झेपणारे नाही असे ठरवून बाहेर पडतो. त्याने हिशेब केला तो सर्वांत अवघड टोपलीपाशी. पालेभाजी नाशवंत असते, थोडक्या प्रमाणात येते, तिची ने-आण महाग पडते आणि संध्याकाळपर्यंत न खपलेल्या जुड्यांचा तोटा खपलेल्या जुड्यांवर चढतो. ज्वारी, कुळीथ, तांदूळ, हळद यांचे तसे नाही. म्हणून ‘सेंद्रिय परवडते का?’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. जिन्नस बदलला की उत्तर बदलते, हंगाम बदलला की बदलते, माल कोणाकडून घेतला त्यावरही बदलते. बेताच्या उत्पन्नात घर चालवणाऱ्यांनी हा प्रश्न सुटा सुटा करून पाहिला, तर बरेच काही आवाक्यात येते असे मला मनापासून वाटते.

आधी घराला लागते किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत २,००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या ताटात साधारण २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा त्याऐवजी अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चौघांच्या घरासाठी महिन्याचा गुणाकार केला तर ३० किलो धान्य, १० किलो डाळी, सव्वातीन किलो तेल आणि ४८ किलो भाजी होते. समजा, सेंद्रिय धान्याला किलोमागे ३० रुपये जादा मोजावे लागले, तर महिन्याचा बोजा ९०० रुपयांनी वाढतो. भाजीला किलोमागे ४० रुपये जादा धरले, तर १,९२० रुपयांनी. दोन्ही एकदम करायला गेले की अंदाजपत्रक कोलमडते आणि मग सगळेच सोडून दिले जाते.

हे पैसे काढायचे कुठून? केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,४५९ रुपये आला. त्यातला ३.६४ टक्के तृणधान्यांवर, ३.८० टक्के भाज्यांवर आणि १०.६४ टक्के पेये, खाऊ, तयार पदार्थ यांवर. म्हणजे बिस्किटे, फरसाण, शीतपेये, चहा आणि बाहेरचे खाणे यांवर जेवढा पैसा जातो, तेवढा धान्य आणि भाजी मिळूनही जात नाही. चौघांच्या घरात ही रक्कम महिन्याला सुमारे २,७५० रुपये भरते. ही देशातल्या शहरी भागाची सरासरी आहे. खोलीवर स्वयंपाकाची सोय नसलेल्या आणि दुपारचा वडापाव हेच जेवण असलेल्या कामगाराला ती कमी करायला कोणी सांगू नये. पण ज्या घरात चूल पेटते आणि तरीही दर आठवड्याला पाकिटांची पिशवी येते, तिथे धान्यावरचे ते ९०० रुपये याच खर्चातून निघू शकतात.

किंमत मुळात जास्त का, हेही समजून घ्यायला हवे, कारण ग्राहकाचा पहिला संशय शेतकऱ्यावर जातो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. उरलेली किंमत सरकार, म्हणजे आपण सगळे, अनुदानातून भरतो. शेणखताच्या गाडीला असे अनुदान नाही. तणनाशक मारले तर एका दिवसात शेत मोकळे होते; तेच खुरपणीने करायचे तर बायांची रोजंदारी आठवडाभर द्यावी लागते. रासायनिक शेती सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न घटण्याचा धोका असतो आणि त्या काळात मालाला सेंद्रियचा भावही मिळत नाही. त्यावर प्रतवारी, छोट्या खेपांची वाहतूक, पाकिटे, दुकानाचे भाडे. या साखळीतला शेतकऱ्याचा वाटा वाढवून मधले टप्पे कमी करता येतात. स्वस्त सेंद्रियचा रस्ता तिथून जातो. शेतकऱ्याशी घासाघीस करून तो सापडणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे विचारणाऱ्यांना उत्तर देणे भाग आहे. सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वे जास्त असतात, हा दावा मला कमकुवत वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पोषणमूल्यांत ठळक फरक आढळला नाही. कीटकनाशकांचे अवशेष सापडण्याची शक्यता मात्र सेंद्रिय मालात कमी दिसली. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये ३४३ शोधनिबंधांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळले, तर पारंपरिक रासायनिक पिकांत अवशेष सापडण्याचे प्रमाण चौपट होते. पोषणाबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, अवशेषांबद्दल फारसे नाहीत. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: सेंद्रियच घ्यायची म्हणून घरातली भाजी निम्मी करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. साध्या बाजारातली भाजी पोटभर खाल्लेली केव्हाही बरी.

पण माझ्या लेखी सर्वांत मोठे कारण ताटात नाही, शेतात आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. उंच वाढलेली कपाशी, उकाडा, अंगावर साधा सदरा, तोंडाला रुमाल, मिसळून केलेली औषधे. आपल्यापर्यंत अवशेष पोहोचतो तो मिलिग्रॅमच्या हिश्शांत. फवारणारा त्या धुक्यात उभा असतो. त्याच्या पाठीवरचा पंप उतरावा म्हणून चार पैसे जास्त मोजणे मला योग्य वाटते, आणि म्हणूनच हे अन्न फक्त पैसेवाल्यांची चैन होऊन राहू नये याची कळकळ वाटते.

आता मुख्य मुद्दा. पैसे थोडे असतील तर लेबल शोधण्याआधी पीक निवडावे. महाराष्ट्रात अशी कितीतरी पिके आहेत, ज्यांवर फवारणी करणे शेतकऱ्याला परवडतच नाही. रब्बी ज्वारी घ्या. सोलापूर-मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि जमिनीतल्या ओलीवर, थंडीतल्या दवावर वाढते. मालदांडीसारखे वाण तिथल्या कोरडवाहू रानात पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते याच काटकपणामुळे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पीक एवढ्या कमी खर्चाचे, की त्यावर महागडे औषध मारून हाती काही उरत नाही. लष्करी अळी २०१८ मध्ये देशात शिरल्यापासून मक्यावरच्या फवारण्या वाढल्या आणि काही भागांत ज्वारीलाही तिचा त्रास होतो, हे खरे. तरी वांग्याच्या किंवा द्राक्षाच्या तुलनेत ज्वारी आजही फार स्वच्छ पीक आहे. सह्याद्रीच्या उतारांवरची नाचणी आणि वरई, माणदेशातली मटकी, कोकणातले आणि देशावरचे कुळीथ (हुलगा म्हणा), जवस, कारळे ही सगळी याच जातकुळीतली. यांतले बरेचसे धान्य लेबल नसतानाही जवळजवळ सेंद्रियच असते, आणि ते साध्या बाजारात साध्या भावाने मिळते. रोजच्या चार पोळ्यांपैकी दोनच्या जागी भाकरी आली, आठवड्यातून दोनदा तुरीच्या वरणाऐवजी कुळथाचे पिठले किंवा मटकीची उसळ आली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर जवसाची आणि कारळ्याची आली, की एकही ‘ऑरगॅनिक’ पाकीट न घेता ताटातला फवारणीचा वाटा कमी होतो.

उलट, तुरीवर आणि हरभऱ्यावर शेंगा-घाटे पोखरणाऱ्या अळीसाठी फवारण्या होतात. म्हणून डाळींत जादा पैसे घालायचे असतील तर तूरडाळीत घालावेत. ती रोज लागते, महिन्याला किती लागते हे ठाऊक असते, टिकते आणि शेतकरी गटाकडून थेट वर्षाची घेता येते.

भाज्यांतही असाच भेद आहे. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती शिरण्याआधी पुनःपुन्हा फवारतात. कोबी-फ्लॉवरवर ठिपक्यांच्या पतंगाची अळी, मिरचीवर फुलकिडे, भेंडीवर तुडतुडे आणि पांढरी माशी. भारतातून येणाऱ्या भेंडीवर आणि कढीपत्त्यावर युरोपीय संघाने अवशेषांसाठी वाढीव तपासणी लावली, ती उगाच नव्हे. दुसऱ्या बाजूला सुरण, अळू, रताळी, लाल भोपळा, केळफूल, कच्ची केळी, फणस, शेवग्याचा पाला, अंबाडी, राजगिरा या भाज्यांना औषधाची गरज फारच कमी पडते. त्यांपैकी निम्म्या आपल्या शहरी स्वयंपाकघरातून हद्दपार झाल्या आहेत, कारण त्या चिरायला वेळ लागतो किंवा हाताला खाज सुटते. त्या परत आणणे हा सेंद्रिय खाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. हंगाम पाळणे हा त्याचाच दुसरा भाग. थंडीतला फ्लॉवर आणि भर उन्हाळ्यातला फ्लॉवर यांना लागणाऱ्या औषधांत फरक असतो. अवेळी पिकवलेली भाजी कीड-रोगांशी झगडतच बाजारात येते.

पावसाळ्यात तर निसर्ग स्वतःच दुकान मांडतो. शेवळे, टाकळा (विदर्भात तरोटा), कुरडू, फोडशी, भारंगी, करटोली, कवळा, लोत, घोळ, पाथरी. जून ते सप्टेंबर या काळात वसई, पालघर, कल्याण, कर्जत, जुन्नर, अकोले या पट्ट्यातल्या आदिवासी बाया या भाज्या घेऊन बसतात. कृषी विभागही ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. ना पेरणी, ना खत, ना फवारणी. मात्र ओळख पक्की हवी, आणि कृतीही. शेवळाची भाजी काकडाच्या फळांशिवाय किंवा चिंचेशिवाय केली तर घसा खाजतो. स्वतः तोडण्याऐवजी विकणारीकडून घ्यावी आणि कशी करायची तेही तिलाच विचारावे. हे ज्ञान तिच्या घरात आहे. हमरस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा टाकळा आपला आपण खुडून आणू नये.

फळांबाबत एकच उदाहरण देतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना जबर फटका बसला. आज निर्यातीच्या द्राक्षांची बाग नोंदलेली असते आणि माल जाण्याआधी त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. आपल्या गावातल्या गाडीवर येणाऱ्या द्राक्षांना अशी अट नाही. परदेशी ग्राहकाला मिळणारी काळजी इथल्या लेकरांना मिळत नाही, याचा मला राग येतो. हे बदलेपर्यंत पेरू, सीताफळ, चिकू, बोरे, जांभळे, आवळा ही हंगामी फळे द्राक्षे-सफरचंदांपेक्षा स्वस्त आणि सहसा कमी फवारणीची.

लेबलाकडे आता येऊ. पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहायचे तर २०१७च्या नियमांनुसार प्रमाणपत्र लागते आणि त्यावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह येते. प्रमाणपत्राच्या दोन वाटा. पहिली अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या देखरेखीखालची, जिथे बाहेरची संस्था तपासणी करते. ती मुख्यतः निर्यातीसाठी उभी राहिली आणि एकट्या छोट्या शेतकऱ्याला महाग पडते. दुसरी पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी देणारी पद्धत. तिच्यात किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो आणि शुल्काचा भार जवळजवळ नसतो. बेताच्या बजेटसाठी पीजीएसचा माल पाहावा, आणि त्यातही ‘पीजीएस ग्रीन’, म्हणजे रासायनिक सोडून अजून रूपांतराच्या काळात असलेल्या शेतांचा. तो पूर्ण प्रमाणित मालापेक्षा स्वस्त मिळू शकतो, आणि शेतकऱ्याला आधाराची खरी गरज त्याच दोन-तीन वर्षांत असते. छोट्या शेतकऱ्याने थेट खाणाऱ्याला माल विकला तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त चिन्ह वापरता येत नाही. ‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘विषमुक्त’, ‘रेसिड्यू फ्री’ या शब्दांना मात्र सेंद्रियच्या नियमांचा आधार नाही. लाकडी घाण्याचे तेल सेंद्रिय बियांचे असेलच असे नाही, आणि काळसर गूळ हायड्रॉस (रंग उजळवणारे रसायन) न घातलेला असला तरी ऊस कसा वाढवला ते त्यावरून कळत नाही. हे पदार्थ चांगले असू शकतात. त्यांची किंमत कशासाठी देतो आहोत ते माहीत असावे.

प्रमाणपत्रही अचूक नसते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय प्रमाणन व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेण्याचे जाहीर केले. म्हणूनच ओळखीचा शेतकरी ही मोठी जमेची बाजू. एखाद्या सोसायटीतली वीस-तीस घरे एकत्र आली, वर्षाची ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, हळद एका गटाकडून घ्यायची ठरवली आणि वर्षातून एकदा शेतावर जाऊन आली, तर दुकानाचा नफा, पाकिटाचा खर्च आणि फसवणुकीची भीती तिन्ही कमी होतात. काही हजार रुपये लागणारी अवशेष चाचणी एका घराला न परवडणारी. तीस घरांत वाटली तर चित्रपटाच्या तिकिटाएवढी. शेतावर काय पाहायचे? गुरे आहेत का, बांधावर कडुनिंब-करंज आहे का, निंबोळी अर्क आणि दशपर्णी कुठे मुरत ठेवला आहे, शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने इकडे येते का. खरे करणारा शेतकरी हे सगळे उत्साहाने दाखवतो. पणन मंडळाने सुरू केलेल्या शेतकरी आठवडे बाजारांत असे शेतकरी भेटतात. तिथला प्रत्येक जण सेंद्रिय नसतो, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस समोर असतो.

वर्षाचे धान्य भरण्याची आपली जुनी रीत इथे पुन्हा उपयोगी पडते. तांदूळ दिवाळीनंतर, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, ज्वारी-गहू मार्च-एप्रिलमध्ये, हळद-मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर. सुगीत भाव पडलेले असतात आणि शेतकऱ्याला रोकड हवी असते. एकरकमी पैसे जमत नसतील तर चार घरांनी भिशी लावावी. साठवताना पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर घातली तर शेतकऱ्याचे कष्ट पाण्यात जातात. कडक ऊन, कोरडे पिंप, डाळीला एरंडेल तेलाचा हात, कडधान्यात चाळलेली राख, सुकवलेला कडुनिंबाचा पाला हे पुरते. जागा अडचणीची असेल तर तीन महिन्यांचे भरावे.

साध्या बाजारातल्या भाजीचे काय? ती धुवावी, नीट धुवावी. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग केला; खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशके निघाली, सालीच्या आत मुरलेला अंश मात्र राहिला. आंतरप्रवाही औषधे आणि सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीतले जड धातू धुऊन जात नाहीत. महागडे ‘व्हेजी वॉश’ घेण्याऐवजी मीठ किंवा सोडा घालून भिजवणे, वाहत्या पाण्यात चोळणे, कोबीची बाहेरची पाने काढणे, दुधी-काकडी सोलणे एवढे करावे.

आणि कुंड्या. सगळी भाजी गॅलरीत पिकत नाही, पण कढीपत्ता, पुदिना, मेथी, कोथिंबीर, मिरची ही कमी लागणारी आणि बाजारात जास्त शंकास्पद असणारी पाने-फळे तिथे येतात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून दाखवून दिले, की पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून थोड्या जागेत पीक उभे राहते. मुंबईत गच्चीवर शेती करणाऱ्यांनी त्यात रसवंतीवरची उसाची चिपाडेही वापरली. एक कढीपत्त्याचे झाड लावले तरी आरंभ चांगला.

हे सगळे ज्याच्या हातात महिन्याची रोकड आहे त्याच्यासाठी झाले. रेशनवर जगणाऱ्या घराला निवडीची मुभा नसते, आणि तिथे सरकारनेच खरेदीदार व्हायला हवे. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेले डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन आता नैसर्गिक शेती मिशन म्हणून राज्यभर पसरले आहे. केंद्रानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटींचे नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले. पैसा प्रशिक्षणावर आणि निविष्ठांवर जातो, विक्रीपाशी येऊन साखळी तुटते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बियाणे जपले आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच डोंगरपट्ट्यात पिकणारी नाचणी तिथल्याच अंगणवाडीच्या आणि शाळेच्या ताटात नियमाने का येऊ नये? शेतकरी गटाला आगाऊ ठरलेला भाव, तालुक्यातच दळण-कांडपाची सोय आणि पोषण आहाराच्या खरेदीत अशा गटांसाठी राखीव हिस्सा, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या, तर वाहतूक, पाकीट आणि दुकान हे तिन्ही खर्च वगळून विषाशिवाय पिकलेले धान्य सर्वांत गरीब मुलापर्यंत पोहोचू शकते. ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत ही मागणी ठरावाच्या रूपात मांडता येते.